अण्णारावांची बोटं

नांदेडला निघालेला माणूस बासरला उतरला, तर चूक कोणाची? अण्णारावांच्या मते गाडीची. धर्माबादच्या स्टँडवर लाल रंगाची एक गाडी उभी होती, तिच्या कपाळावर पाटी होती, पाटीवर अक्षरं होती. सभ्य माणसानं याहून जास्त चौकशी करू नये. ती अक्षरं मराठी की तेलुगू, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण गेलं वर्षभर दोन्ही लिपी त्यांना सारख्याच दिसत होत्या, उकडलेल्या शेवयांसारख्या. कंडक्टरनं तेलुगूत काहीतरी विचारलं. धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवरचं गाव, निम्मा बाजार तेलुगूत चालतो, त्यामुळं तेही वावगं वाटलं नाही. "एक," अण्णाराव म्हणाले. गाडीतली झाडून सगळी माणसं बासरला चालली होती. त्यानं बासरचं एक तिकीट दिलं.

बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. लांबून लांबून लोक लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला तिथं आणतात. अक्षर दिसेना म्हणून वाट चुकलेला म्हातारा माणूस थेट तिथंच पोचावा, यात देवीची काही योजना असलीच तर ती जरा खोचक म्हणावी लागेल.

तरीही प्रकरण निभावलं असतं. पण शेजारचे मल्लिकार्जुन गुरुजी त्याच दिवशी नातीला घेऊन तिथं आले होते.

"अण्णाराव, तुम्ही इथं?"

"दर्शनाला."

"मग देवळाकडं पाठ करून नमस्कार कोणाला करून राहिलाव?"

अण्णारावांनी मान पुढं काढून निरखून पाहिलं. ते ज्याला हात जोडून उभे होते तो उसाच्या रसाचा गाडा होता.

गुरुजी निवृत्त झाले तरी मुलाचं प्रगतिपुस्तक घरी पोचवायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी देवळाच्या पायरीवरूनच लातूरला उज्वलेला फोन लावला.

उज्वला ही अण्णारावांची एकुलती लेक. लातूरच्या कॉलेजात ती अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. डोळ्याची आकृती ती फळ्याकडं न बघता काढते, नावांसकट. रविवारी ती धर्माबादला आली, पाणीसुद्धा न पिता वडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, किती बोटं?"

"आल्या आल्या परीक्षा घेती का बापाची?"

"किती?"

"चार."

"मी हातच वर केला नाही."

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. अण्णारावांचा उजवा डोळा लहानपणीच्या कसल्याशा जखमेनं अधू होता. सगळी भिस्त डाव्यावर. त्या डाव्याच्या बुबुळावरचा काचेसारखा पडदा, जो गोल असावा, तो शंकूसारखा पुढं येत गेला होता. असल्या डोळ्याला चष्मा कितीही जाड केला तरी पुरा पडत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यावर एक कडक लेन्स दिली होती, कोटाच्या बटणाएवढी मोठी. ती बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, आणि आत औषधी पाणी भरलेलं असतं. वाकडा पडदा त्या पाण्याखाली झाकला जातो आणि माणसाला सरळ दिसतं. ऑपरेशन टळतं. ही लेन्स रोज सकाळी त्यांच्या पत्नी सिंधुताई घालायच्या आणि रोज संध्याकाळी काढायच्या. गेल्या वर्षी सिंधुताई गेल्या. तेव्हापासून लेन्स डबीत होती आणि अण्णाराव "दिसतंय की" असं सांगत गावभर फिरत होते.

"पाडव्यापर्यंत मुदत," उज्वला म्हणाली. "स्वतःच्या हातानं लेन्स घालायला शिका आणि राहा इथं, मी काही बोलणार नाही. नाही जमलं तर बिऱ्हाड लातूरला. ह्यांनी खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवलाय."

"कोणता रंग?"

"पिस्ता."

जावई हरिओमराव माणूस सोन्यासारखे होते, पण पिस्ता रंगाच्या खोलीत खुर्ची टाकून चहाची वाट बघणारा माणूस आपण नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. धर्माबादला त्यांचं मिरचीचं अडत दुकान होतं, ओट्यावर येणारी माणसं होती, आणि चाळीस वर्षं एका बाईबरोबर काढलेलं घर होतं.

"मी घालते की रोज, आईसारखी," उज्वला जरा मऊ आवाजात म्हणाली.

"न्हाई. ते घालताना मान खाली घालून बसावं लागतंय. मुलीच्या बापानं मान खाली घालायची ती लग्नात. तेवढी घालून झाली माझी."

लेन्स स्वतः घालायला शिकणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. हजारो लोक घालतात. पण ते लोक मिरचीचा धंदा करत नाहीत. अण्णारावांची बोटं चाळीस वर्षं मिरचीत होती. ढिगातली मिरची उचलायची, मोडायची, बी बोटांत चुरडायचं, रंग बघायचा, ओल बघायची. ही बोटं साबणानं धुवा, राखेनं घासा, ताकात बुडवा, मिरची तिथंच. आजवर त्या बोटांनी स्वतःच्या डोळ्यातला कचरासुद्धा काढला नव्हता. तेही खातं सिंधुताईंकडं होतं.

उज्वलेला हे माहीत होतं, पण लेकीला बापाचं काय काय माहीत असतं ते ऐन वेळी आठवत नाही. तिनं अण्णारावांना दोनदा साबणानं हात धुवायला लावले आणि म्हणाली, "वरची पापणी धरा."

अण्णारावांनी पापणी धरली.

त्यानंतर जो आवाज आला तो ऐकून शेजारचे जिलानीभाई गाद्यांच्या दुकानातून सुई हातात घेऊनच धावत आले. त्यांच्यामागून त्यांच्या बेगम रहमतबी, समोरून गुरुजी, आणि दुकानात मिरचीचे देठ खुडणाऱ्या सरजाबाई. अण्णाराव अंगणात डोळा मिटून, एक पाय वर घेऊन उभे होते. पाय का वर घेतला होता हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

"गुलाबपाणी डालो," जिलानीभाई म्हणाले.

"गुलाबपाण्यानं काय होतंय? दुधाची साय बांधा," रहमतबी म्हणाल्या. "हमारे अब्बा सुरमा घालायचे. नव्वदाव्या वर्षी सुईत दोरा ओवत होते."

"चाची, सुरमा नका आणू हं," उज्वला घाईनं म्हणाली आणि डोळ्यावर औषधी पाण्याची पूर्ण बाटली रिकामी केली.

"गायीचं तूप नाकात," गुरुजी म्हणाले. "डोळ्याचं मूळ नाकात असतं."

"नसतं, गुरुजी."

"तुझ्या पुस्तकात नसेल."

सरजाबाई मात्र बोलण्यात वेळ घालवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दुकानातून मूठभर लाल मिरच्या आणल्या, मीठ-मोहरी घेतली, मालकांच्या तोंडावरून तीनदा ओवाळली आणि चुलीत टाकली. मिरचीनं पोळलेल्या डोळ्यावर मिरचीचा उतारा. ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं असतं. इथं गल्लीच्या टोकापर्यंत ठसका लागला, रहमतबींची कोंबडी खोकली असंही म्हणतात, त्यामुळं दृष्ट नव्हती एवढं मात्र निर्विवाद सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी उज्वलेनं त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं. या वेळी गाडी बरोबर होती. डोळ्याला इजा नव्हती, पण डबीत वर्षभर कोरडी पडलेली लेन्स निकामी झाली होती. नवीन मापं घेतली, लेन्स हैदराबादहून कुरिअरनं घरी येईल असं ठरलं. लेन्स घालायला शिकवणारी शिवांगी नावाची मुलगी होती. तिनं रबराचा एक छोटा दांडा दाखवला, टोकाला वाटी असलेला. लेन्स त्या वाटीवर ठेवायची, पाण्यानं काठोकाठ भरायची, टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, त्यावर तोंड जमिनीला समांतर धरायचं, एका हातानं पापण्या फाकायच्या, दुसऱ्या हातानं दांडा वर न्यायचा. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा.

"सोपं आहे काका," शिवांगी म्हणाली आणि अण्णारावांचा हात हातात घेऊन बोटं बघू लागली. मग ती शिंकली. मग आणखी दोनदा शिंकली.

"गलोज घाला," नाक पुसत ती म्हणाली.

गलोज, म्हणजे रबराचे हातमोजे, आणले. घरी ते घालून पापणी धरायचा सराव केला, तरीही डोळा पोळला. गुरुजींनी यावर बराच विचार करून कारण शोधलं: डावा गलोज उजव्या हाताच्या बोटांनी ओढून चढवला, त्याला बाहेरून मिरची लागली. मग त्या मिरचीच्या गलोजानं उजवा चढवला, त्यालाही लागली. म्हणजे आतून मिरची, बाहेरून मिरची, मध्ये रबर. रहमतबी म्हणाल्या, मी चढवून देते. दिले. पण गलोजाखालून पापणी अशी निसटायची जशी ओल्या ताटातून आंब्याची कोय. शेवटी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेच खरं होतं. मिरचीला हातच लावायचा नाही. जुनी कातडी जाऊन नवी येईपर्यंत, काही आठवडे.

हंगाम ऐन भरात होता. बाजार आवारात लाल ढीग लागले होते, उमरीकडून, तेलंगणातून गाड्या येत होत्या, आणि अडत्या अण्णाराव दोन्ही हात पँटच्या खिशात घालून लिलावात उभे. मिरचीच्या बाजारात मिरचीला हात न लावणारा माणूस म्हणजे लग्नात न जेवणारा व्याही. लोकांनी आधी विचारपूस केली, मग चेष्टा.

"काय अण्णाराव, अनुष्ठान का?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"मिरची खायची बंद सांगतेत. बघायची बंद कोणत्या डॉक्टरनं सांगितली?"

"जा ना बाबा, आपला ढीग बघ."

सरजाबाई मिरची मोडून त्यांच्या नाकाखाली धरायच्या, ते वास घेऊन भाव सांगायचे. चेहऱ्यापुढं मिरची धरलेली बाई आणि डोळे मिटून हुंगणारे अण्णाराव असं दृश्य रोज दिसू लागलं, आणि दोन शेतकऱ्यांनी तर जाता जाता त्यांच्या पाया पडून घेतलं. रोज संध्याकाळी ते बोट ओठाला लावून बघत. आधी चरचरायचं. मग झिणझिणायचं. मग एक दिवस काहीच झालं नाही. अण्णारावांनी बोट पुन्हा लावून पाहिलं. एवढ्या वर्षांत आपलं बोट कशाच्याच चवीचं नाही हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि का कोण जाणे, जरा परकं वाटलं.

पाडव्याच्या तोंडावर लेन्स आली. म्हणजे कुरिअरच्या दुकानापर्यंत आली.

"ओटीपी सांगा," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

अण्णारावांनी मोबाईल नाकाला लावला. "मेसेज आलाय."

"त्यातले आकडे सांगा."

"आकडे आहेत की."

"कोणते?"

अण्णारावांनी एक अंदाज सांगितला. यंत्र चूक म्हणालं. त्यांनी थोडा फिरवून दुसरा सांगितला. तोही चूक.

"बाबा, तूच वाच की," त्यांनी मोबाईल पुढं केला.

"न्हाई चालत काका. गिऱ्हाइकाचा ओटीपी आम्ही वाचत नसतो. फसवाफसवी लई वाढलीय. तो बोर्ड बघा, मोठ्या अक्षरात लावलाय."

"बोर्ड दिसला असता तर मेसेज दिसला नसता का? हे आकडे दिसायचं सामान त्या पाकिटात आहे."

"मग ओटीपी सांगा आणि पाकीट घ्या."

हे असं अर्धा तास चाललं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळं तोडगा निघण्याची शक्यता नव्हती. मागची रांग वाढत गेली. "मला दिसत नाही, कोणीतरी वाचा" एवढं एक वाक्य मागं वळून बोलायचं होतं. वर्षभरात ते त्यांनी कोणापुढं उच्चारलं नव्हतं, तिथंही उच्चारलं नाही. ते घरी आले. रहमतबींना काहीतरी कळलं असावं, कारण दुपारी त्या "मलाही तिकडंच काम आहे" म्हणून सोबत निघाल्या आणि तो ओटीपी त्यांनी रस्त्यापलीकडच्या हॉटेलातही लिहून घेता येईल इतक्या मोठ्यानं वाचला.

उज्वला त्याच संध्याकाळी सुट्टी काढून येणार होती. लेन्स घरात, बोटं निर्मळ, पाडवा तोंडावर. सगळं जुळून आलं होतं. म्हणून अण्णाराव सहज बाजारात एक चक्कर टाकायला गेले. माणसानं सहज कुठं जाऊ नये.

उमरीकडचा एक शेतकरी ढिगापाशी उभा होता. दुसरा अडत्या ढिगात पाय घालून मोठ्यानं सांगत होता, "ओली हाय, ओली हाय. खाली जाईल भाव." शेतकऱ्यानं फक्त एकदा अण्णारावांकडं बघितलं, म्हणजे निदान अण्णारावांना तसं वाटलं. दिसलं तर नव्हतंच. आणि त्यांचा उजवा हात, मालकाला न विचारता, खिशातून निघाला, ढिगात गेला, एक मिरची उचलली आणि मोडली.

कट्ट.

"वाळलेली आहे," अण्णाराव म्हणाले. "आवाज ऐका. ओली मिरची अशी बोलत नसती." त्यांनी बीसुद्धा चुरडलं. सवयीनं.

घरी आल्यावर त्यांनी हे उज्वलेला सांगितलं, तेव्हा ती नुकतीच प्रवासातून येऊन पायरीवर बसली होती. तिनं डोकं धरलं.

"आता पुन्हा तितके दिवस?" ती म्हणाली. "अण्णा, तुम्हाला यायचंच असेल लातूरला तर सरळ सांगा ना."

"उजवाच बाटला गं. डावा खिशात होता."

"काय?"

"डावा हात. तो निर्मळ हाय." अण्णारावांनी दोन्ही हात पुढं धरले आणि स्वतःच त्यांच्याकडं पाहत बोलत गेले. "दांडा उजव्या हातात धरायचा. दांड्याला मिरची लागली तर लागू दे, तो काही डोळ्यात जात न्हाई. पापण्या डाव्यानं फाकायच्या. लेन्स वाटीवर ठेवायची तीबी डाव्यानं. म्हणजे उजवा बाजाराचा, डावा डोळ्याचा. जन्मभर चालंल."

उज्वलेनं शिवांगीला फोन केला. शिवांगी म्हणाली, चालेल, दांडा फक्त धुवून ठेवा. मात्र मल्लिकार्जुन गुरुजींना हे मुळीच पटलं नाही.

"डावा हात? अहो, डाव्या हाताची कामं कोणती हे मी सांगायचं का तुम्हाला? आणि तोच डोळ्याला?"

"साबण असतो, गुरुजी," उज्वला म्हणाली.

"साबणानं हात धुतला जातो. हाताचं काम धुतलं जात नाही."

"मिरची बरी का मग?"

"मिरची निदान उजव्या हातानं तर लागते," गुरुजी म्हणाले आणि रागानं निघून गेले. पाच मिनिटांनी आरसा घेऊन परत आले. त्यांच्याकडचा मोठा होता.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर अण्णाराव टेबलाशी बसले. भोवती मंडळी. पहिल्यांदा वाटीतलं पाणी सांडलं. दुसऱ्यांदा पापणी मिटली. तिसऱ्यांदा लेन्स बसली, पण आत एवढा बुडबुडा की सगळं जग वडाच्या पारंबीला लोंबकळतंय असं दिसलं. जिलानीभाई प्रत्येक वेळी "आ रही, आ रही" म्हणत होते, टेम्पो मागं घ्यावा तसं. रहमतबींनी त्यांना बाहेर काढलं. मग सगळ्यांनाच बाहेर काढलं. तरीही दांडा डोळ्यापाशी आला की डोळा मिटायचा. दुपार झाली, पुरणपोळ्या गार झाल्या, औषधी पाणी निम्म्यावर आलं, आणि अण्णाराव म्हणाले, "हात थरथरतोय. म्हातारपण."

हात थरथरत नव्हता. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते होतंही नाही. सिंधुताई लेन्स घालताना आरसा नव्हता. अण्णाराव खुर्चीवर वाकून बसायचे, सिंधुताई खाली पाटावर, तोंड वर करून. त्यामुळं लेन्स बसली की धुरकट जगात सगळ्यात आधी जे स्पष्ट व्हायचं, ते त्यांचं तोंड. कुंकू, मग भुवया, मग "बसली का?" म्हणणारे ओठ. रोज सकाळी, पहिल्यांदा तेच. आता वाकलं की खाली ते तोंड नसणार हे डोळ्याला आधीच ठाऊक होतं. तो मिटत होता.

"असू दे अण्णा," उज्वला म्हणाली. "झालं तेवढं पुष्कळ."

तिनं रागावायला हवं होतं. ती रागावली नाही, त्यावरून अण्णारावांनी ओळखलं की आपण हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅग भरायला घेतली. आधी स्वतःची, मग त्यांची. सदरे, टॉवेल, गोळ्यांचा डबा. अण्णाराव टेबलाशी बसून चहा घेत होते. पलंगाशी काहीतरी गुलाबी हलत होतं, ती उज्वला. सदऱ्याची घडी घातल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. थोड्या वेळानं पुन्हा.

"सर्दी झाली का गं?"

"नाही. मिरची आहे ना घरभर."

अण्णारावांनी कप खाली ठेवला. मिरचीनं ओढलेलं नाक त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. सरजाबाईंचं, हमालांचं, गिऱ्हाइकांचं. ते झटक्यात वर जातं आणि शिंकेवर संपतं. हे नाक खाली जात होतं, हळूहळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हा आवाज नवा नाही. दहाव्याला होता. दिवाळीला होता. दर खेपेला ही पोर समोर बसून, तोंडानं कॉलेजच्या गमती सांगत, त्यांच्या देखत रडत होती. कारण देखत म्हणजे काय? त्यांना दिसत कुठं होतं.

त्यांनी डावा हात साबणानं धुतला. आरसा आडवा ठेवला. लेन्स वाटीवर ठेवली, पाणी काठोकाठ भरलं आणि मान खाली घातली. डोळ्याला त्यांनी मनातल्या मनात सांगितलं, की आज खाली बघायला नाही चाललो, लेकीकडं बघायला चाललो. मध्ये आरसा लागतो, तेवढा सोस.

गार वाटलं. मग दाब. मग काहीच नाही.

आरशातून एक म्हातारा त्यांच्याकडं बघत होता. मिशी एका बाजूला चांगली बोटभर आखूड. कानाखाली दाढीचा एक पट्टा, बहुधा गेल्या महिन्यातला. वर्षभर हे ध्यान घेऊन आपण गावभर फिरलो आणि एकही माणूस बोलला नाही! बासरची बातमी लातूरला पोचवणारे गुरुजी मिशीबद्दल गप्प! अण्णारावांना गावाचा फार राग आला, आणि त्याहून फार माया.

मग ते वळले.

उज्वलेच्या कपाळावर पांढरे केस होते. ते मागच्या वर्षी नव्हते. गालाची हाडं वर आली होती. डोळे सुजलेले, आणि ओठ घट्ट मिटून ती त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती.

"जेवतेस का नीट?"

"जेवते की," ती न बघता म्हणाली.

"केस पांढरे झाले तुझे."

तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, आरशाकडं पाहिलं, रिकाम्या दांड्याकडं पाहिलं. मग झटकन तोंड भिंतीकडं फिरवलं.

"फिरू नको," अण्णाराव म्हणाले. "चोरून रडायची सोय गेली तुझी आता. मिरचीचं नाव सांगू नको मला. मिरचीचं नाक वेगळं वाजतंय."

ती हसली आणि ते हसणं मध्येच फुटलं. बऱ्याच वेळानं तिनं बॅगेतून त्यांचे सदरे काढायला सुरुवात केली.

"काय करून राहिलीस?"

"बसली ना लेन्स. एका रात्रीनं मुदत चुकली, ती माफ. राहा इथं."

"दोन सदरे राहू दे. चार दिवस येतो. बिऱ्हाड न्हाई, पाहुणा म्हणून. पिस्ता रंग कसा दिसतोय ते तरी बघावं."

यावर ती पलंगावर बसली आणि वर्षभराचं, आवाजासकट, रडली. अण्णाराव शेजारी बसले. त्यांनाही रडू येऊ लागलं, आणि एकदम लेन्सची काळजी वाटली. त्यांनी मोबाईल घेतला, नंबर स्वतः वाचून लावला.

"शिवांगीताई, धर्माबादहून अण्णाराव. लेन्स बसली. हाव, माझ्या हातानं. एक विचारायचं होतं. ही घालून रडलं तर चालतंय का?"

"चालतं काका," शिवांगी म्हणाली. "आत पाणीच आहे. फक्त डोळा चोळायचा नाही."

"चोळायचा न्हाई," अण्णारावांनी उज्वलेला सांगितलं.

मग दोघं हात मांडीवर ठेवून, शहाण्या लेकरांसारखे, रडत बसले.